थंड समुद्र आणि प्लँक्टन: शिकताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, बाहेर पारा 45 च्या वर, कूलर फुल्ल स्पीडवर, आणि मी बारावीच्या पोरांना दक्षिण महासागर शिकवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढ्या बर्फात तिथं काही उगवतच कसं असन?" मी उत्तर द्यायच्या आत चार-पाच पोरं एका सुरात बोलली, "थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त असतो ना, म्हणून!" आणि मला एकदम जाणवलं की हे वाक्य यांना मीच अकरावीत लिहून दिलंय, आणि ते चूक आहे. त्या दिवसापासून मी या धड्यातल्या चुका वहीत टिपायला लागले, पोरांच्या पण आणि माझ्या पण. नागपूरहून कुठलाही समुद्र गाठायचा म्हटलं की अख्खी रात्र गाडीत जाते, आमच्या बॅचमधल्या अर्ध्या पोरांनी समुद्र पाहिलेलाच नाही, त्यामुळे जे आपण शब्दांत सांगू तेच त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं, म्हणून ते नीट सांगणं फार गरजेचं आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: थंड म्हणून सुपीक

ऑक्सिजनची गोष्ट खोटी नाही. गोड्या पाण्यात 0 अंशाला लिटरमागे साधारण 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशाला फक्त साडेसातच्या आसपास, आणि समुद्राच्या पाण्यातही थंडीत जास्त मावतो हे बरोबरच आहे. पण समुद्राची उत्पादकता म्हणजे काय, तर तिथल्या वनस्पतीप्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक हिरव्या फायटोप्लँक्टनने, उन्हाच्या जोरावर किती अन्न तयार केलं ते. आता वनस्पतीला अन्न तयार करायला ऑक्सिजन लागत नाही हो, उलट ती तो सोडते! तिला लागतो प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत. खत म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, डायटम नावाच्या काचेचं कवच बांधणाऱ्या प्लवकांसाठी सिलिका, आणि चिमूटभर लोह. कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुबलक असतो, म्हणजे प्रश्न राहिला प्रकाशाचा आणि खताचा. आणि थंडी तर उलट काम हळू करते, पाणी दहा अंशांनी थंड झालं की प्लवकांच्या वाढीचा जास्तीत जास्त वेग साधारण निम्म्यावर येतो.

मग थंड समुद्रात मासे, व्हेल, पक्षी एवढे कुठून येतात? हे मी आता लिंबू सरबतावरून सांगते. ग्लासात साखर टाकली आणि चमचा फिरवलाच नाही तर साखर तळाशी बसून राहते आणि वरचा घोट आंबटच लागतो. समुद्राचंही तसंच आहे. वर जे काही जगतं ते मरून, विष्ठा होऊन खाली पडत राहतं, खोल अंधारात जिवाणू ते कुजवतात आणि खत तिथेच साठतं. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात वरचं पाणी वर्षभर तापलेलं आणि हलकं, ते झाकणासारखं बसलेलं असतं, म्हणून खालचं खत वर येत नाही. तिथलं निळंशार पाणी फोटोत सुंदर दिसतं पण अन्नाच्या हिशोबानं ते वाळवंट आहे. उत्तर अटलांटिकमध्ये मात्र हिवाळ्यात वरचं पाणी थंड होतं, जड होतं, बुडतं, वारा घुसळतो, आणि काही शे मीटरपर्यंत सगळं ढवळून निघतं, लॅब्राडोर समुद्रात तर काही हिवाळ्यांत हजार मीटरच्याही खाली. म्हणजे थंडी हा चमचा आहे, साखर नाही. पेपरात "थंड तापमानामुळे उत्पादकता जास्त" एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धवट राहतं, "थंडीमुळे उभं मिश्रण होऊन पोषकद्रव्यं वर येतात" हे लिहा.

आणि ढवळायला थंडीच लागते असंही नाही. आपला अरबी समुद्र काही थंड नाही, पण नैऋत्य मोसमी वाऱ्यात सोमालिया, ओमान आणि केरळच्या किनाऱ्याजवळ खालचं पाणी वर येतं आणि पाणी हिरवं होतं. त्याच अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडा गार वारा येतो, वरचं पाणी थोडं थंड होऊन बुडतं आणि तिथंही प्लवक वाढतात. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरून झाकण घट्ट करतं म्हणून तो या बाबतीत मागे पडतो. ही जोडी पोरांना सांगा, दोन्ही समुद्र आपले, अक्षांश जवळपास तेच, फरक फक्त ढवळण्याचा.

4 अंशांची चूक

ही तर दरवर्षी होते. भूगोलात किंवा फिजिक्समध्ये शिकलेलं असतं की पाणी 4 अंशाला सगळ्यात जड, त्याखाली हलकं होतं, म्हणून तळ्यावर बर्फ वर आणि खाली मासे जिवंत. हे गोड्या पाण्याचं झालं. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण 35 भाग क्षार असतात, आणि क्षार 24.7 भागांच्या वर गेले की तो 4 अंशांचा टप्पा उरतच नाही, पाणी थंड होत होत जडच होत जातं, थेट गोठेपर्यंत, आणि ते गोठतं उणे 1.9 अंशाला. म्हणूनच समुद्र हिवाळ्यात एवढा खोलवर ढवळला जाऊ शकतो. समुद्राच्या उत्तरात 4 अंश लिहिलं की पुढचं सगळं कोसळतं.

मिठानं पाण्याचं वागणं किती बदलतं हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून मी घरी एक प्रयोग करायला लावते. दोन सारखे काचेचे ग्लास, एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं, लिटरला 35 ग्रॅम मीठ, काटा नसेल तर सपाट सहा छोटे चमचे. बर्फाच्या ट्रेमध्ये बिटाचा रस किंवा खायचा रंग घालून खडे करायचे आणि दोन्हीत अलगद एकेक सोडायचा. साध्या पाण्यात लाल धागे सरसर खाली उतरतात, थोड्या वेळात अख्खा ग्लास गुलाबी. मिठाच्या ग्लासात रंग वरच बसतो, बोटभर जाडीचा लाल थर, आणि खाली पाणी स्वच्छ. खडा पण तिथं जास्त वेळ टिकतो, कारण स्वतःच्याच गार पाण्याच्या थरात तो बसलेला असतो. पहिल्यांदा मी हे ओट्यावर केलं तेव्हा तो थर मी कितीतरी वेळ बघत बसले होते, सासूबाई म्हणाल्या अगं सरबत करतेस का काय.

आता हा प्रयोग फसतो कुठं ते सांगते, कारण पोरं मेसेज करतात "मॅडम, झालाच नाही". सगळ्यात पहिलं कारण कूलर! कूलरच्या झोतात किंवा पंख्याखाली ग्लास ठेवला की पाणी हलतं आणि थर मोडतो, तर स्वयंपाकघरात, हवा न लागणाऱ्या कोपऱ्यात करा, आणि पाणी ओतल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. दुसरं, मे महिन्यात आपल्याकडं नळाला टाकीतलं तापलेलं पाणी येतं, त्यात खडा बघता बघता विरघळतो आणि काही दिसतच नाही, म्हणून पाणी आदल्या रात्री भरून खोलीत ठेवलेलं घ्या, दोन्ही ग्लासांत एकाच भांड्यातलं. पाकिटातलं बारीक मीठ कधी कधी पाणी गढूळ करतं, मग रंग कळत नाही, खडेमीठ वापरा आणि फडक्यानं गाळून घ्या. मीठ पूर्ण विरघळलेलं हवं, तळाशी मीठ राहिलं असेल तर वरचं पाणी कमी खारट राहतं आणि दोन्ही ग्लास सारखेच वागायला लागतात. आणि एक बारीक गोष्ट, रंग घालून बर्फ लावला की गोठताना रंग खड्याच्या मध्यभागी ढकलला जातो, बाहेरून खडा फिकट दिसतो आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटं रंग सुटतच नाही. पोरं तेवढ्यात कंटाळून चमचा घालतात. घालू नका, थांबा.

याच्यातून जे कळतं ते फार मोलाचं आहे. दुसऱ्या ग्लासातला तो लाल थर म्हणजे आर्क्टिकमधलं वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी. ते वर बसतं आणि झाकण होतं. म्हणून आर्क्टिकच्या मधला भाग एवढा थंड असूनही उत्पादकतेत अगदी गरीब आहे, वर बर्फानं प्रकाश अडवला, खाली झाकणानं खत अडवलं. थंड आहे पण सुपीक नाही, हे एवढं एक उदाहरण उत्तरात टाकलं तर तपासणाऱ्याला कळतं की या मुलाला विषय समजलाय.

"उन्हाळ्यात ऊन जास्त, म्हणून तेव्हा सगळ्यात जास्त"

असं लिहून येतं, आणि दिसायला बरोबर पण वाटतं. पण उत्तर अटलांटिकमध्ये प्लवकांचा मोठा बहर येतो वसंतात, साधारण एप्रिल-मेमध्ये, आणि भर उन्हाळ्यात तो ओसरतो, शरद ऋतूत परत छोटा बहर. कारण साधं आहे, आधी ढवळलं पाहिजे आणि मग थांबलं पाहिजे. हिवाळ्यात खत वर येतं पण प्लवक पण त्याच घुसळणीत खोल अंधारात ओढले जातात, दिवसही लहान. वसंतात ऊन वाढतं, वरचा थर तापून हलका होतो, प्लवक उजेडात टिकतात आणि खत तर भरलेलंच असतं, मग काय, काही दिवसांत पाणी हिरवं. उन्हाळ्यात खत संपतं, झाकण बसलेलं असतं, वर खाणारे वाढलेले असतात. बर्फाच्या कडेलाही हेच होतं, वितळलेल्या पाण्याचा पातळ थर प्लवकांना उजेडात धरून ठेवतो आणि तिथं कडेकडेनं बहर येतो, पण तोच थर पुढं खत अडवतो. झाकण चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे, ते कधी बसलं ते बघा.

हा विचार नीट मांडला हॅराल्ड स्व्हर्डरुप या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं, 1953 साली, नॉर्वेजियन समुद्रात उभ्या असलेल्या हवामान जहाजावरच्या नोंदी वापरून. घुसळण एका ठराविक खोलीपेक्षा उथळ झाली की बहर सुरू, ही त्याची कल्पना. जे पुढं शिकणार आहेत त्यांनी इथंच थांबू नये, कारण 2010 साली मायकेल बेहरेनफेल्डनं उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं की प्लवकांची वाढ खरं तर हिवाळ्यातच सुरू होते, खोल घुसळणीत खाणारे आणि खाद्य दोन्ही पातळ होऊन एकमेकांना कमी भेटतात म्हणून. वाद अजून संपलेला नाही, आणि मला विचाराल तर दोन्ही गोष्टी पोरांना सांगाव्यात, विज्ञान असंच पुढं जातं हे त्यांना दिसलं पाहिजे.

साठा आणि उत्पादन यांची गल्लत

नीट वाचा, कारण नीटच्या पेपरात इथंच मार्क जातात. समुद्रातला बायोमासचा, म्हणजे खाद्य आणि खाणारे यांच्या वजनाचा, पिरॅमिड उलटा असतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण का उलटा हे विचारलं की गप्प. इंग्लिश चॅनलचं जुनं उदाहरण आहे, एका चौरस मीटरखाली वनस्पतीप्लवक 4 ग्रॅम आणि त्यांना खाणारे प्राणीप्लवक वगैरे 21 ग्रॅम. पोरं म्हणतात, 4 ग्रॅम खाऊन 21 ग्रॅम कसे जगतील?

मी त्यांना सकाळी सातला तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहायला सांगते. परातीत कधीही पाहा, दोन-तीन किलोच पोहे दिसतील. त्या एका क्षणाचा फोटो काढला तर वाटेल की एवढ्याशा पोह्यात काय होणार, आणि समोर तर चाळीस माणसं उभी! पण भाऊ सारखं टाकत राहतो, लोक सारखे खात राहतात, आणि दहा वाजेपर्यंत शेकडो प्लेटा गेलेल्या असतात. परातीतले पोहे म्हणजे साठा, दहा वाजेपर्यंत विकलेले म्हणजे उत्पादन. प्लवक काही दिवसांत दुप्पट होतात आणि जवळपास तेवढेच खाल्ले जातात, म्हणून कधीही पाहिलं तर थोडेच दिसतात. एककं पाहिली तरी चूक पकडता येते, साठा ग्रॅम प्रति चौरस मीटर, उत्पादकता ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति वर्ष. "प्रति वर्ष" सुटलं की उत्तर गेलं.

आणखी एक इथलाच गोंधळ. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे की जीवावरणाची वार्षिक निव्वळ प्राथमिक उत्पादकता साधारण 170 अब्ज टन आणि त्यात समुद्राचा वाटा फक्त 55 अब्ज टन. मग पोरं कुठंतरी वाचतात की पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्र करतो, आणि भांडत येतात. पुस्तकातले आकडे वाळलेल्या वजनाचे आणि जुन्या पद्धतीचे आहेत. 1998 साली उपग्रहाच्या मदतीनं काढलेल्या अंदाजात एकूण सुमारे 105 अब्ज टन कार्बन आला आणि समुद्राचा वाटा साधारण 46 टक्के. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, डोक्यात दोन्ही ठेवा, पण एका आकड्यातून दुसरा वजा करू नका, एककं वेगळी आहेत. आणि गंमत बघा, एवढं काम करणाऱ्या या प्लवकांचं वजन पृथ्वीवरच्या सगळ्या हिरव्या वनस्पतींच्या एक टक्काही भरत नाही. पोहेवाल्याची परात!

खत भरपूर, तरी पीक नाही

माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे थोडा लांबेल. "अंटार्क्टिकाभोवती खालचं पाणी वर येतं, नायट्रेट फॉस्फेट भरपूर, म्हणून तिथं सगळीकडं प्रचंड उत्पादकता", असं धडधडीत लिहिलं जातं. प्रत्यक्षात दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात उन्हाळा संपला तरी नायट्रेट शिल्लक राहतं आणि प्लवक मात्र विरळ. उपध्रुवीय पॅसिफिक आणि विषुववृत्तीय पॅसिफिकचंही तसंच. वर्षानुवर्षं कोडं होतं. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञानं बोट ठेवलं लोहावर. समुद्राच्या पाण्यात लोह इतकं कमी असतं की लोखंडी जहाजावर, लोखंडी तारेला बांधलेल्या बाटलीत नमुना घेतला की त्या तारेचाच गंज मोजला जायचा, म्हणजे आधीची मापंच चुकलेली! मार्टिनच्या गटानं सगळी स्वच्छता पाळून परत मोजलं तेव्हा कळलं की लोह जवळपास नाहीच. समुद्राला लोह बऱ्याच अंशी वाळवंटांच्या धुळीतून मिळतं आणि दक्षिण महासागर वाळवंटांपासून फार लांब आहे. 1988 साली तो म्हणाला होता की मला अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. 1993 च्या जूनमध्ये तो गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गॅलापागोसजवळ त्याच्या सहकाऱ्यांनी समुद्रात लोह टाकून पाहिलं, प्लवक वाढले. 1999 साली दक्षिण महासागरातही तसंच दिसलं.

आता आपल्या देशाची गोष्ट, जी आपल्या वर्गांत फारशी सांगितली जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. 2009 च्या जानेवारी ते मार्चमध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून पोलारस्टर्न जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये प्रयोग केला, नावच लोहाफेक्स, आपल्या "लोहा" वरून. साधारण 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोह टाकलं. प्लवक वाढले पण अपेक्षेएवढे नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिका आधीच संपलेली होती आणि काचेचं कवच बांधणारे डायटम वाढूच शकले नाहीत. जे मऊ, कवच नसलेले प्लवक वाढले ते कोपेपॉड या इवल्या कवचधारी प्राण्यांनी खाऊन टाकले. कार्बन खोल बुडण्याचं प्रमाण फारच कमी निघालं. म्हणजे शेतकऱ्याला जे माहीत असतं तेच, युरिया टाकला पण जमिनीत झिंक नाही तर पीक उभं राहत नाही, जे सगळ्यात कमी तेच पिकाला अडवतं. तर उत्तरात "पोषकद्रव्ये" असा एकच शब्द लिहून मोकळे होऊ नका, कुठलं पोषकद्रव्य कमी पडलं ते लिहा. दक्षिण जॉर्जिया आणि करगुलेन बेटांभोवती बेटांवरून, उथळ तळावरून लोह मिळतं आणि तिथं दरवर्षी मोठे बहर येतात, त्याच थंड समुद्रात. एका वाक्यात अख्खा मुद्दा सिद्ध होतो.

प्लवक जास्त म्हणजे मासे जास्त, हे पण सरळ नाही. प्रत्येक पायरीला साधारण दहा टक्के पुढं जातात असं धरलं, तर 1000 किलो वनस्पतीप्लवकांपासून दोन पायऱ्यांवर 10 किलो मासा मिळतो, पाच पायऱ्यांवर फक्त 10 ग्रॅम. निळ्या उष्ण समुद्रात प्लवकच इतके बारीक की मोठ्या माशापर्यंत पोचायला खूप पायऱ्या लागतात. थंड, ढवळलेल्या पाण्यात मोठे डायटम, त्यांना खाणारा क्रिल किंवा कॅलेनस, आणि थेट व्हेल, म्हणजे दोन-तीन पायऱ्यांत काम. थंड समुद्राची खरी ताकद बऱ्याचदा इथं आहे. कॅलेनस हा दोन ते चार मिलिमीटरचा कोपेपॉड अंगात तेल साठवून हिवाळ्यात शेकडो मीटर खाली जाऊन सुस्त पडून राहतो, वसंतात वर येतो. काचेच्या थेंबासारख्या शरीरात तेलाची लांब पिशवी चमकते, फोटो शोधून पाहाच. आणि हे सगळं असूनही मासे संपू शकतात. कॅनडाच्या ग्रँड बँक्सवर प्लवक होतेच, पण कॉड मासा एवढा उपसला की 2 जुलै 1992 ला मासेमारी बंद करावी लागली. तिथं दोष थंडीला किंवा प्लवकांना देऊ नका.

क्रिल मासा नाही, कोळंबीसारखा कवचधारी आहे, हे पण जाता जाता. आणि प्लँक्टन म्हणजे "सूक्ष्म" नव्हे, प्लँक्टन म्हणजे प्रवाहासोबत वाहणारा, व्हिक्टर हेन्सननं 1887 मध्ये हा शब्द रूढ केला, मोठा जेलीफिशही त्यात येतो.

उपग्रहाचे नकाशे बघताना

रंगीत नकाशा पाहून पोरं म्हणतात लाल म्हणजे मासे. लाल म्हणजे हरितद्रव्य जास्त असल्याचा अंदाज, तोही वरच्या थरातला, खोलवरचा प्लवकांचा थर उपग्रहाला दिसत नाही, ढगाखालचंही नाही. नदीच्या मुखाशी गाळ पण हरितद्रव्यासारखा दिसून फसवतो. रंगपट्टी नीट वाचा, ती बहुतेक वेळा दहापटीची असते, 0.1, 1, 10 अशी, म्हणजे हिरव्या आणि लालमधला फरक डोळ्याला थोडा आणि प्रत्यक्षात कैक पटींचा. भारताचा ओशनसॅट-1 1999 साली गेला तेव्हापासून आपल्याकडं अशा नोंदी आहेत, आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान दोन्ही मिळून बघते तेव्हा कुठं कोळ्यांना मासेमारीच्या जागा सुचवते. त्यांनाही एका रंगावर भागत नाही.

फुटाळ्यावर जाळी ओढताना

समुद्र नाही म्हणून प्लवक बघता येत नाहीत असं नाही. मी दर डिसेंबरला पोरांना नागपुरातल्या फुटाळा तलावावर नेते, पहाटे, स्वेटर घालून. तिथं झालेल्या चुका अशा. जाळी घाईनं ओढली, पाणी आत शिरायच्या ऐवजी तोंडाशी फुगून बाहेर गेलं आणि बाटलीत काही आलंच नाही. हळू, चालण्याच्या वेगानंच ओढा. दोन-तीन वेळा ओढली की जाळी शेवाळानं बुजते, उलटी करून धुवा नाहीतर दुसरा नमुना पहिल्याशी जोडून मोजू नका. बाटली उन्हात स्कुटीच्या डिकीत ठेवली तर घरी येईपर्यंत सगळे मेलेले आणि वास सुटलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा, किंवा चहाच्या रंगाइतकं लुगॉल आयोडीन टाका. पांढरी-काळी सेक्ची तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजायची तर गॉगल काढा आणि सावलीच्या बाजूनं बघा, पाण्यावरची चमक आकडा बिघडवते. अँजेलो सेक्चीनं 1865 मध्ये अशीच पांढरी तबकडी भूमध्य समुद्रात सोडली होती, ती पद्धत आजही चालते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाळीत आलं तेवढंच पाण्यात आहे असं समजू नका. आमच्या जाळीची भोकं 20 मायक्रॉनची, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रोक्लोरोकॉकस हा जगातला संख्येनं सगळ्यात जास्त असलेला प्रकाशसंश्लेषी जीव मायक्रॉनहूनही लहान आहे, तो 1980 च्या दशकापर्यंत कोणाला माहीतच नव्हता, कारण तो इतका बारीक आणि त्याची चमक इतकी मंद की साध्या मायक्रोस्कोपखालीही तो नजरेतून सुटायचा. तो उष्ण समुद्रात राहतो, ध्रुवाकडं सापडत नाही, पण तिथंही जाळीतून निसटणारे दुसरे बारीक प्लवक आहेतच.

मागच्या डिसेंबरला त्याच मागच्या बाकावरच्या मुलीनं जाळीखालचं गळालेलं पाणी पण वेगळ्या बाटलीत भरून आणलं. मी सांगितलं नव्हतं. मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली तिनं ते लावलं, खूप वेळ स्क्रू फिरवला, आणि म्हणाली, "मॅडम, हे ठिपके हिरवे आहेत."